तीन फासे, २१६ निष्पत्ती

श्रोतेहो, नमस्कार. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण असतं. नमुना अवकाश म्हणजे काय, घटना म्हणजे काय, हे मुलं पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची (निष्पत्तींची) यादी, मांडताना गल्लत नेमकी कुठे होते, ते फारसं कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. इटलीत तीन फाशांचा खेळ चालायचा. मुरलेल्या खेळाडूंच्या लक्षात आलं होतं, की ९ पेक्षा १० ही बेरीज थोडी जास्त वेळा पडते. हे कसं काय? ९ सहा प्रकारे जमते, १० सुद्धा सहाच प्रकारे. प्रश्न थेट गॅलिलिओकडे गेला.

त्यानं काय केलं? तिन्ही फासे वेगळे मानले. समजा, एक लाल, एक पांढरा, एक हिरवा. आता १, २, ६ हे आकडे या फाशांवर सहा तऱ्हांनी पडू शकतात. १, ४, ४ तीनच तऱ्हांनी. आणि ३, ३, ३? फक्त एकदा! एकूण निष्पत्ती सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६. हा खरा नमुना अवकाश, कारण यातली प्रत्येक निष्पत्ती समसंभाव्य आहे, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखीच. त्यात ९ येते २५ वेळा, १० येते २७ वेळा. फरक शंभरात एकाहूनही कमी, तरी त्या खेळाडूंनी तो नुसत्या अनुभवानं टिपला होता. मला याचं फार कौतुक वाटतं.

याच २१६ मधून घटनांचे प्रकार दिसतात. बेरीज २ येणं ही अशक्य घटना, ३ ते १८ मध्ये येणं ही निश्चित घटना. एकाच फेकीत ९ आणि १० दोन्ही येणार नाहीत, म्हणून त्या परस्पर अपवर्जी. पूरक घटना, म्हणजे हवी ती घटना न घडणं, तर मोठ्या कामाची. किमान एका फाशावर ६ यावा, अशा निष्पत्ती मोजत बसू नका. एकही ६ नसलेल्या १२५ आहेत, त्या वजा करा. उरल्या ९१.

मात्र सारीपाटाच्या कवड्यांना हा हिशेब लावू नका. कवडी उताणी पडेल किंवा पालथी. निष्पत्ती दोनच, पण त्या समसंभाव्य आहेत असं धरता येत नाही. तिथे कवडी पुन्हा पुन्हा टाकून नोंदच ठेवावी लागते.