आण्याची पट्टी आणि गावची शाळा

मंडळी, आपली घरपट्टी आणि गावची शाळा यांच्या नात्याबद्दल बोलायचं तर मला 1882 सालात जावं लागतं. त्या वर्षी 19 ऑक्टोबरला महात्मा फुल्यांनी पुण्याहून हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, निवेदन दिलं. तेव्हा मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीची पट्टी, म्हणून वसूल होई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठरलेला असे. फुल्यांचं म्हणणं होतं की शिक्षणाच्या नावानं कर घेता, पण तो त्या कामी लागत नाही. इलाख्यातली दहापैकी जवळजवळ नऊ गावं, म्हणजे सुमारे 10 लाख मुलं, शाळेवाचून आहेत. या फंडाचा निदान निम्मा भाग तरी प्राथमिक शिक्षणाला द्या, अशी त्यांची मागणी होती.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की फुल्यांनी तो पैसा सरकारचा मानलाच नाही. तो कुणब्याच्या घामाचा आहे, असं धरूनच त्यांनी हिशेब मागितला. आपण मात्र आज म्हणतो, ‘शाळा काय, झेडपीची!’ असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, पुस्तकं वरून येतात, पोषण आहाराचा तांदूळ वरून येतो. आपल्या पावतीवर असते घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी. शाळेचं नाव तिथं कुठंच नसतं, म्हणून शाळेच्या खर्चाशी आपला संबंध नाही असं वाटू लागतं.

पण आकडे बघा. शाळेत 30 पर्यंत मुलं असतील, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 10 हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. त्यातूनच खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. एवढ्यात शाळा कशी चालवायची, हे एखाद्या वस्तीशाळेच्या गुरुजींना विचारा.

मी ग्रामसेवक असताना एका वस्तीवरच्या शाळेचं मीटर बिल थकल्यामुळे काढून नेलं होतं. पटावर 22 मुलं होती. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. त्याच वर्षी ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्यात, रक्कम शिल्लक होती. कोणी विचारलं नाही, आणि मीही विषय मांडला नाही. ते मला आजही टोचतं.

आता मार्ग कोणता, ते सांगतो. नमुना आठमध्ये तुमच्या घराची आकारणी असते, नमुना नऊमध्ये मागणी. दोन्ही ग्रामपंचायतीत जाऊन बघा. वसुली किती झाली, हे कळल्याशिवाय खर्चाबद्दल काय विचारणार? दुसरं, पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा पैसा. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. आपल्या राज्यात एकूण निधीचे 80 टक्के ग्रामपंचायतीकडे येत. मुलींची स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याचा नळ ही कामं याच पैशात बसणारी. कुठल्या गावानं किती खर्च केला, ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलमध्येही दिसतं.

आणि शाळा व्यवस्थापन समिती! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. कागदावर त्या असतात. पण बऱ्याच ठिकाणी सही घ्यायला रजिस्टर त्यांच्या घरी जातं, त्या बैठकीला येत नाहीत. ही गोष्ट मला फार लागते, कारण शाळेत पाणी नसलं की पहिली झळ त्यांच्याच लेकींना बसते.

त्या वस्तीवरची एक आई पुढं समितीत आली. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती उठली आणि तिनं एवढंच विचारलं, ‘पोरींच्या संडासात पाणी कुठनं आणायचं, ते सांगा.’ सभेत कोणालाच उत्तर देता येईना. मग ठराव लिहिला गेला, पुढच्या आराखड्यात काम आलं आणि बंधित निधीतून शाळेच्या मागच्या भिंतीलगत टाकी बसली. शाळेचं वीजबिल ग्रामनिधीतून भरायचं, हेही त्याच सभेत ठरलं. ठराव मी माझ्या हातानं लिहिला.