प्रतिपालक घराला आजोळ हवं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या वाड्यावरच्या एखाद्या घरात एक दिवस सात-आठ वर्षांचं अनोळखी मूल दिसू लागतं. ते दत्तक घेतलेलं नसतं आणि पाहुणंही नसतं. आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील, तुरुंगात असतील किंवा दारूच्या पायी घर मोडलं असेल, म्हणून बालकल्याण समितीच्या आदेशाने ते काही काळ इथे राहायला आलेलं असतं. या व्यवस्थेला फॉस्टर केअर म्हणतात, आणि मुलाला सांभाळणाऱ्या घराला प्रतिपालक घर. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये तिची तरतूद आहे. मिशन वात्सल्य योजनेतून अशा मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची मदत आहे. समितीने दर महिन्याला घराची पाहणी करायची, असंही कायदा सांगतो.

पैसे आणि पाहणी दोन्ही हवंच. पण घरातली ओढाताण वेगळीच असते. मूल जेवून उठतं आणि सकाळी उशी उचलली तर खाली अर्धा पाव सापडतो. पोटभर मिळत असूनही ते पाव लपवतं, कारण पूर्वी कधी मिळायचा, कधी नाही. रागावून ही सवय सुटत नाही. खोलीत खाऊचा डबा उघडा ठेवावा, हात लावायची पूर्ण मुभा द्यावी आणि महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो. हे मुलाला सांभाळणाऱ्या बाईला सांगणारं कोणी हवं ना? समुपदेशक पणजीला बसून चालणार नाही. सत्तरी तालुक्यातल्या गावाहून मुलाला घेऊन दोन बस बदलत जायचं म्हणजे शाळा बुडते आणि रोजही बुडतो. समुपदेशकच महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी यायला हवा, आणि मुलाच्या भाषेत बोलणारा हवा.

शाळेचंही तसंच. मूल येतं तेव्हा पुष्कळदा हातात काहीच कागद नसतो. दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. तरी पालकांना खेटे घालावे लागतात. एखाद्या निवृत्त मास्तरांनी सोबत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग येतो भेटीचा दिवस. समितीची हरकत नसेल तर जन्मदाते मुलाला भेटू शकतात, आणि भेटावंच. पण भेटीनंतर मूल दोन दिवस बोलत नाही, वस्तू फेकतं, रात्री अंथरूण ओलं करतं. शेजारी मात्र म्हणतात, “एवढं करून काय मिळालं तुम्हाला?” हे ऐकून ती बाई एकटीच रडते. तालुक्यातल्या प्रतिपालक कुटुंबांना महिन्यातून एकदा एकत्र बसता आलं, तर निदान कळेल की हे प्रत्येक घरात होतं. पंचायतीने त्यासाठी सभागृह दिलं तरी पुष्कळ.

आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते विसाव्याचं. आपली मुलं मे महिन्यात आजोळी जातात, आपल्याला चार दिवस मोकळे मिळतात. या मुलांना आजोळ नाही. ती बाई तापाने फणफणली किंवा सासऱ्यांना बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं झालं, तर मूल कुठे ठेवायचं? प्रत्येक वाड्यावर एक-दोन घरं आधी ठरलेली हवीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने त्यांची नीट चौकशी केलेली असावी, आणि मूलही तिथे जाऊन-येऊन रुळलेलं असावं. स्वयंसहाय्य गटातल्या बायकांनी मनावर घेतलं तर हे सहज जमेल.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येईल. आपापल्या मूळ घरी सगळा गोतावळा जमेल. गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी बांधताना ते मूल फळं हातात द्यायला पुढे येईल, तेव्हा “हा कोणाचा?” असं त्याच्यादेखत विचारू नका. नाव विचारा आणि आरतीला झांज हातात द्या. त्याचा फोटो, नाव, पूर्वीची हकीकत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. अशा मुलांची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे.

स्वतः फॉस्टर पालक व्हायची इच्छा असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असली तरी, अर्ज करता येतो. आणि एखादं मूल संकटात दिसलं, तर १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

नमस्कार.