ॲलन पेज यांच्या नावावर शून्य

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘बचावफळी ते न्यायासन’. फुटबॉलच्या बचावफळीतून न्यायमूर्तीच्या खुर्चीपर्यंत गेलेले ॲलन पेज, हा तो विषय. न्यायासनापर्यंत पोचूच, पण आधी त्यांच्याबद्दलचं माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. घरी ते आता कुणी ऐकत नाही.

अमेरिकन फुटबॉल तुम्ही बघता, म्हणून नियम सांगत बसत नाही. पेज यांची जागा डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे बचावफळीच्या मधोमध एक हात जमिनीला टेकवून वाकलेला गडी. समोरचा गार्ड, म्हणजे त्याला अडवणारा गडी, इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. चेंडू हलला की दोन-तीन सेकंदांत त्या धिप्पाड माणसाला चुकवून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, गाठायचा. त्यानं पास फेकायच्या आत त्याला आडवा केला, की सॅक. पेज साधारण 110 किलोंचे, पण चेंडूबरोबरच हलायचे. समोरच्याचे हात वर येईपर्यंत हे पलीकडे गेलेले असत. 1967 साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघानं त्यांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचललं. 1971 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्यांना एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरवलं. बचावातल्या खेळाडूला हा मान तोवर कधी मिळाला नव्हता, नंतरही एकदाच मिळाला, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला.

आता सांगा, या माणसाच्या नावावर अधिकृत सॅक किती? शून्य! लीगनं, म्हणजे एनएफएलनं, खेळाडूगणिक सॅक मोजायला घेतले 1982 साली, आणि पेज 1981चा हंगाम खेळून घरी गेले. बोलरच्या नावापुढे विकेट लिहायची पद्धत 1982 मध्ये सुरू झाली असती, तर बेदी आणि प्रसन्नांचं काय झालं असतं? हसताय, पण हा दाखला मी सासऱ्यांना दिला तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले. प्रसन्ना त्यांचं दैवत.

पुढे हौशी संशोधकांनी जुनी खेळपत्रकं उपसून 1960 पासूनचा हिशेब लावला. 2021 मध्ये तो लोकांसमोर आला. पेज यांचे निघाले 148.5. अर्धा कसा, असं पहिल्या रांगेतून विचारतायत. दोघांनी मिळून पाडला की अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. पण हे सगळं अनधिकृत! लीगच्या वहीत अजून कोरं पान. बरं, व्हायकिंग्जबरोबर चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, हरले, ते मात्र प्रत्येकाच्या लक्षात.

त्यात 1978. पेज यांना पळण्याचा नाद लागला, वजन उतरलं, आणि प्रशिक्षक बड ग्रँट यांनी हंगामाच्या मध्यावर त्यांना मोकळं केलं. शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघानं किती देऊन घेतलं? शंभर डॉलर. एमव्हीपी, शंभर डॉलरला! त्याच वर्षी त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. संघातही राहायचं आणि परीक्षाही द्यायच्या.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय.

माझं म्हणणं असं की न्यायमूर्ती पेज ही वेगळी व्यक्ती नव्हेच. खेळत असतानाच ते खेळाडूंच्या संघटनेत होते. संघ बदलण्यावर लीगनं घातलेल्या निर्बंधांविरुद्ध जॉन मॅकी या खेळाडूसह जे कोर्टात गेले, त्यांत पेजही फिर्यादी. मालकाकडून पगार घेत त्याच्यावर दावा लावायचा, याला छाती लागते. 1992 मध्ये त्यांना मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती. तिथे न्यायमूर्ती मतदानानं निवडतात, त्यावर कधीतरी वेगळं बोलू. गव्हर्नरनं विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवली, निवडणूकच टळली. पेज पुन्हा कोर्टात. जिंकले, निवडणूक झाली, तीही जिंकले, आणि त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. नियम वरचा माणूस सोयीनं वाकवतो, ही चीड दोन्हीकडे एकच. निकालपत्रांची उदाहरणं आणली होती, ती राहिली.

2015 मध्ये, सत्तरीला निवृत्त व्हायच्या तिथल्या नियमानं, ते निवृत्त झाले. त्यांची संस्था शिष्यवृत्ती देते, पण अट घालून: घेणाऱ्यानं शाळेतल्या लहान मुलांना शिकवायचं. बाकी प्रश्न चहाच्या वेळी. सॅकबद्दल विचारलंत तर चहा गार होईल, आधीच सांगतो.