वाऱ्याचा आकडा वाचण्याआधी

मंडळी, जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये वादळ येतं आणि निसवलेली (घड बाहेर पडलेली) केळी घडासकट आडवी होते. मग जो तो विचारतो, वारा किती होता? त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारा: किती उंचीवर मोजला, आणि किती वेळाचा?

वारा मोजण्याची प्रमाण उंची 10 मीटर. जागा मोकळी हवी आणि जवळच्या अडथळ्यापासून यंत्राचा खांब त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब. 6 मीटरचं गोडाऊन असेल तर 60 मीटर. जमिनीलगत वारा मंदावतो. आखूड गवताच्या मैदानावर 10 मीटरवर ताशी 40 किलोमीटर वारा असेल, तर 2 मीटरवर साधारण 30 भरतो. केळीच्या पानांआड उभ्या केलेल्या यंत्राचा आकडा तर धरूच नका.

आता वेळ. पाच मिनिटं ताशी 70 चा वारा सुटला आणि उरलेली 55 मिनिटं 12 चा होता, तर तासाची सरासरी 17 च्या आत येते. नोंदवहीत वादळ दिसतच नाही! केळी मोडते ती झोताने. झोत म्हणजे 3 सेकंदांची सरासरी. नेहमीचा वेग 10 मिनिटांचा. म्हणून डेटा लॉगरमध्ये (यंत्राचे आकडे साठवणाऱ्या पेटीत) कमाल झोताची नोंद चालू आहे ना, हे आधी बघा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो: 40 ला चौरस मीटरमागे सुमारे 7 किलो, 80 ला 28.

वेग मोजणाऱ्या यंत्रात तीन वाट्या फिरतात, खाली चुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच. चुंबक समोरून गेलं की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका. आपली काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये शिरली की मंद वारा शून्य दिसू लागतो. वाट्या बंद खोलीत हाताने फिरवून सोडा. हळूहळू थांबल्या तर ठीक, गचकन अडकल्या तर बेअरिंग बदला. उलट, वायरचा जोड सैल असेल तर फुकटच्या पल्स येतात आणि वारा नसताना झोत नोंदला जातो. वाट्या शांत असताना आलेला झोत खोटा समजा.

वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या दिशादर्शकाचं टोक वारा येतो तिकडे असतं. पश्चिमेचा वारा म्हणजे 270 अंश. इथे हिशेबात मोठी गफलत होते. 350 आणि 10 यांची साधी सरासरी 180 येते, म्हणजे उत्तरेचा वारा कागदावर दक्षिणेचा! दिशेची सरासरी साइन-कोसाइन घेऊनच काढायची.

बसवताना उत्तर चुकली तर पुढची प्रत्येक नोंद तेवढीच चुकते. लोखंडी खांबाला टेकून मोबाइलचं होकायंत्र वापरू नका, खांबापासून दहा पावलं लांब जा. सावलीवरूनही उत्तर काढता येते, पण मेच्या अखेरीस जळगावात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली सापडत नाही. हिवाळ्यात करा. 25 डिसेंबरला जळगावात दुपारी 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमाराला उभ्या काठीची सावली नेमकी उत्तरेला पडते.