कोळशाच्या वरचा थर

[पडद्यावर: नांगरलेली जमीन. एका रांगेत चालणारी माणसं.]

खाण अजून सुरू झालेली नाही, मंजुरीही मिळायची आहे. त्याआधी या जमिनीवरून जुन्या वस्तीच्या खुणा शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची एक रांग चालली आहे. दोघांमध्ये काही पावलांचं अंतर, प्रत्येकाची नजर पायाखाली. कुणीतरी थांबतं, वाकतं, जमिनीत छोटी झेंडी रोवतं. जीपीएसवर जागेची नोंद होते आणि रांग पुढे सरकते.

रस्ता बांधताना जमिनीची एक पट्टी जाते. उघड्या कोळसा खाणीत काहीच मागे राहत नाही. कोळशापर्यंत पोहोचायचं तर वरची सगळी माती, सगळा दगड उपसून बाजूला टाकावा लागतो. माणसाच्या वस्तीच्या खुणा असतात त्या याच वरच्या थरांत. ढिगाऱ्यात मिसळलेलं खापर नंतर सापडलं, तरी ते कुठल्या थरात होतं, त्याच्या शेजारी चूल होती की भिंत, हे कधीच कळत नाही. म्हणून हे चालणं आधी व्हायला हवं, आणि घाई न करता व्हायला हवं.

[पडद्यावर: तळहातावर खापराचा तुकडा, अगदी जवळून.]

या तुकड्याची कड पाहा. धारदार आहे, मोड ताजी आहे. म्हणजे तो नांगराच्या फाळानं नुकताच वर आला असावा आणि खाली अजून शाबूत थर असण्याची शक्यता आहे. कड घासून गोल झालेली असती, तर तो पाण्याबरोबर दुसरीकडून वाहत आला असावा, असा अंदाज बांधला असता. झेंडी दोन्ही ठिकाणी लागते. पुढचा चाचणी खड्डा कुठे घ्यायचा, हे मात्र अशा बारीक निरीक्षणांवरून ठरतं.

चालण्याच्या जोडीला आणखी साधनं असतात. जुने नकाशे, जमीन मोजणीच्या नोंदी, हवाई छायाचित्रं. पुरलेल्या भिंतीवर पीक खुरटतं, बुजलेल्या चरावर ते उंच वाढतं आणि कोरड्या वर्षी हा फरक वरून स्पष्ट दिसतो. भाजलेल्या मातीचं चुंबकत्व बदलतं, त्यामुळे जुन्या भट्ट्या आणि चुली न खणताही यंत्रावर उमटतात. ही यंत्रं थक्क करणारी आहेत, पण त्यांची नजर बहुधा वरच्या दोन-चार मीटरांपलीकडे जात नाही. खाण त्याच्या कितीतरी खाली जाते.

जर्मनीतल्या शोनिंगेनच्या लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणीत नेमकं हेच घडलं. पुरातत्त्वज्ञ हार्टमुट थीमे आणि त्यांचे सहकारी १९८३पासून तिथे खाणीच्या पुढे पुढे उत्खनन करत होते. जमिनीखाली सुमारे दहा मीटरवर, एका प्राचीन तळ्याच्या काठच्या गाळात, त्यांना १९९५ साली लाकडी भाले मिळाले. बहुतेक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे, टोकं तासून काढलेले, काही दोन मीटरांहून लांब. भोवती घोड्यांची हाडं, त्यांवर कापल्याच्या खुणा. भाल्यांचं वय आधी तीन ते चार लाख वर्षं मानलं जाई. अलीकडच्या अभ्यासात ते सुमारे दोन लाख वर्षांपर्यंत खाली आलं आहे. तरीही शिकारीची इतकी जुनी आणि इतकी शाबूत लाकडी हत्यारं दुसरीकडे क्वचितच मिळाली आहेत. खाणीनं तो तुकडा सोडून दिला आणि उपसा त्याच्या बाजूनं पुढे गेला.

वरून चालणाऱ्या कुठल्याही रांगेला हे तळं दिसलं नसतं. म्हणून ‘सर्वेक्षण झालं, काही आढळलं नाही’ हे वाक्य अहवालात आलं की आमच्या मनात पुढचे प्रश्न उभे राहतात. त्या दिवशी गवत किती वाढलं होतं? किती खड्डे घेतले, किती खोल? उपसा सुरू झाल्यावर यंत्राशेजारी पुरातत्त्वज्ञ उभा राहणार आहे का, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का? सर्बियात कोस्तोलात्सजवळची द्रम्नो खाण विमिनाकियम या रोमन शहराला लागून आहे. २०२० साली तिथे उत्खनक यंत्रानं कापलेल्या कड्यात, सुमारे सात मीटर खोलीवर, जुन्या जहाजाचं लाकूड उघडं पडलं. ते ओळखलं गेलं, कारण तिथे ओळखणारे लोक होते.

[पडद्यावर: खडकाळ पठार, विरळ झुडपं.]

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, ब्लॅक मेसा पठारावर, जमीन नवाहो आणि होपी या मूळ रहिवासी लोकांची. पीबॉडी कंपनीच्या कोळसा खाणीसाठी १९६७ साली तिथे पुरातत्त्वीय काम सुरू झालं आणि पुढची जवळपास दोन दशकं चाललं. जुन्या वस्त्यांच्या दोन हजारांहून जास्त जागा नोंदल्या गेल्या. त्यातल्या थोड्याच खणता आल्या. निवड करावीच लागते. कामाचा दर्जा उत्तम होता आणि त्या पठारावरच्या शेतीबद्दल, घरांबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यातूनच आलं.

पण होपींसाठी हे अवशेष म्हणजे पूर्वजांनी मागे ठेवलेल्या पाऊलखुणा आहेत. त्या नकाशावर आणून, मोजून, खोक्यांत भरून जपल्या गेल्या असं ते मानत नाहीत. त्या जागच्या जागी असायला हव्यात. वस्त्यांसोबत दफनंही निघाली आणि ती हलवली गेली. मानवी अवशेष वंशजांना परत करण्याचा अमेरिकेचा कायदा १९९० साली आला, तोवर इथलं खोदकाम संपलेलं होतं. झेंड्या लावण्याआधी त्या लोकांना विचारलं असतं, तर कोणत्या जागा खाणीच्या हद्दीबाहेर ठेवायच्या हे त्यांनीच दाखवलं असतं, आणि तेव्हा हद्द हलवणं शक्यही होतं. पठारावरची शेवटची खाण, कायेंटा, २०१९ साली बंद झाली. तिथे परत करायला जमीन आहे, पण त्या जमिनीचे थर आता नाहीत.