पेशी कमी झाल्या, पण कुठं गेल्या?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत एकच प्रश्न कानावर पडतो, "डॉक्टर, पेशी किती आल्या?" डेंग्यूनं आपल्या सगळ्यांना प्लेटलेट्स मोजायला शिकवलं. मग पपईच्या पानांचा रस, किवी, आता तर जतकडचं ड्रॅगन फ्रूटसुद्धा. फळं खायला माझी ना नाही, जरूर खा. पण पेशी कमी होण्याचा एक प्रकार असा आहे, जिथं ही फळं काही कामाची नाहीत.

समजा, तिशीतली एक बाई आहे. हळदीच्या रानात भांगलायला जाते. गालांवर लालसर चट्टे उठले, घरच्यांनी वांग समजून मलम लावलं. उन्हात गेलं की चट्टे वाढतात. सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडतात की स्वतःची वेणी घालता येत नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ऐंशी हजार. एरवी दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. त्याच कागदावर खाली दोन अनोळखी ओळी, सी-३ आणि सी-४. दोन्हींपुढं खाली तोंड केलेला बाण. सासूबाई म्हणणार, "हे पण कमी? मग एखादं टॉनिक लिहून द्या की."

या बाईला ल्युपस आहे. वाताच्या आजारांच्या घराण्यातलाच हा आजार, आणि यात दहापैकी नऊ रुग्ण बायकाच असतात. शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतं.

आता ते सी-३, सी-४ काय ते पाहू. १८९० च्या दशकात ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की नुसत्या प्रतिपिंडांनी जंतू मरत नाहीत. रक्तद्रवात आणखी काहीतरी लागतं, आणि ते ५६ अंशांपर्यंत तापवलं की निकामी होतं. या कामांसाठी त्यांना १९१९ चं नोबेल मिळालं. ते 'आणखी काहीतरी' म्हणजे पूरक प्रथिनं, कॉम्प्लिमेंट. तीसहून जास्त प्रथिनांचा हा ताफा, बहुतेक यकृतात तयार होतो आणि एरवी रक्तात गप्प फिरत असतो.

म्हैसाळ योजनेत पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढतं, तसं इथं एक प्रथिन पुढच्याला कापून जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला. फरक एवढाच, की इथं प्रत्येक टप्प्यावर जोर वाढत जातो. शेवटी जंतूच्या भिंतीला भोकच पडतं. वाटेत सुटलेले सी-३ए, सी-५ए हे तुकडे पांढऱ्या पेशींना हाक मारतात, आणि त्या जागी सूज येते.

ल्युपसमध्ये जंतू नसतानाही हे चालू राहतं. प्रतिपिंडांचे पुंजके मूत्रपिंडात, कातडीत अडकतात आणि पूरक प्रथिनं तिथं खर्ची पडतात. म्हणून रक्तात सी-३, सी-४ कमी दिसतात. ती शरीरात बनत नाहीत असं सहसा नसतं, ती भराभर वापरली जात असतात. म्हणजे त्या बाणाचा अर्थ अशक्तपणा नाही. आजार जोरात आहे, एवढाच. त्यावर टॉनिक काय करणार?

गंमत अशी, की याच ताफ्यातलं सी-१क्यू हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, त्या बहुतेकांना पुढं ल्युपस होतो. कारण मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचं कामही त्याचंच. कचरा साचला की शरीर त्याच्यावरच उठतं. सांध्यांच्या आमवातात आणखी वेगळं. सुजलेल्या गुडघ्यातल्या पाण्यात पूरक प्रथिनं कमी, पण रक्तात नेहमीइतकी किंवा जास्तच, कारण सूज असली की यकृत सी-३ वाढवतं. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबलं तर आपण फसतो.

आता प्लेटलेट्सकडं वळू. त्यांच्यावरही प्रतिपिंडं बसतात, पूरक प्रथिनांचे तुकडे चिकटतात, आणि असल्या खुणा लागलेल्या प्लेटलेट्स प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, गिळून टाकते. आकडा घसरतो तो असा. पण ज्या प्लेटलेट्स उरतात त्या शांत बसत नाहीत. पूरक प्रथिनांच्या माऱ्यानं त्या चेतवल्या जातात, चिकट होतात, रक्ताच्या गुठळ्या करायला पुढं सरसावतात. ज्यांच्या प्लेटलेट्सवर सी-४ चा तुकडा चिकटलेला सापडतो, अशा ल्युपसच्या रुग्णांत पक्षाघात जास्त दिसल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही बायकांतही मुळाशी असाच गुठळ्यांचा प्रकार असतो. त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, आणि त्यातही काही जणींच्या प्लेटलेट्स थोड्या कमी असतात.

म्हणून "पेशी कमी आहेत, म्हणजे रक्त पातळ, गुठळीची भीती नाही" हा हिशेब इथं लागू पडत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर आकडा पाहून घरच्या घरी बंद करू नका, आणि शेजारणीला चालते म्हणून सुरूही करू नका. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.

उपचार होतो तो प्रतिपिंडांच्या मुळावर. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, गरजेप्रमाणे स्टिरॉइड आणि इतर औषधं. आजार आटोक्यात आला की प्लेटलेट्स वर येतात, सी-३, सी-४ ही वाढतात. पायावर सूज आली किंवा लघवीला फेस यायला लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नका, मूत्रपिंड तपासून घ्या.

आणि दिवस गेले असतील तर जुने रिपोर्ट फाइलमध्ये जपून आणा. गरोदरपणात सी-३ आपोआप वाढतो, त्यामुळं कागदावर नॉर्मल दिसणारा आकडासुद्धा त्या बाईसाठी घसरलेला असू शकतो. आम्हा डॉक्टरांना तो कळतो, पण आधीचा आकडा शेजारी ठेवला तरच.

नमस्कार.