साज : सोनं थोडं, रुबाब मोठा

[दृश्य : कोल्हापूर, गुजरी. सराफी दुकानांच्या काचा, मग अरुंद जिना]

अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर कोल्हापूरची गुजरी. खाली काचेमागे तयार दागिने. आपल्याला जायचंय, जिथे ते घडतात तिथे.

गळ्यात एकच दागिना घालायचा आणि तोही उठून दिसायला हवा, तर साजाला तोड नाही. पैठणीवर शोभतो, साध्या पांढऱ्या कुडत्यावरही शोभतो. अट एकच, त्याला एकटं राहू द्यावं. लग्नात साजाच्या जोडीला ठुशी, पोहेहार, मोहनमाळ सगळंच चढवलं जातं आणि मग फोटोत साज शोधावा लागतो!

जुन्या मांडणीत साजाची पानं, म्हणजे ओवलेली नक्षीदार पदकं, 21. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक तावीज, असा हिशेब सांगतात. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, बेलपान, नाग, भुंगा. हल्ली कमी पानांचेही साज घडतात.

[दृश्य : ठसा, त्यावर पातळ पत्रा, हातोडी]

हे पान भरीव दिसतं. आहे मात्र पोकळ.

सोन्याचा पातळ पत्रा आधी तापवून मऊ करायचा, मग ठशावर ठेवून ठोकायचा. घाव कमी पडला तर कासवाच्या पाठीवरची नक्षी उठत नाही, जास्त पडला तर पत्रा फाटतो. ठोकता ठोकता सोनं कडक होत जातं, म्हणून मधेच पुन्हा आच.

[दृश्य : डाग देताना. निळी ज्योत, चिमटा]

उठवलेल्या पत्र्याला मागून सपाट पत्रा जोडायचा. टाकणखार लावून, झाळीचा, म्हणजे जोड देणाऱ्या मिश्रधातूचा, कण ठेवून डाग द्यायचा. झाळ पत्र्याच्या जरा आधी वितळते. या ‘जरा’तच कारागिराचं कसब आहे, कारण क्षणभर उशीर झाला तर पानच वितळतं.

‘केडीएम’, म्हणजे कॅडमियम मिसळलेली झाळ; हा शब्द दागिने घेताना आपण कौतुकाने ऐकत आलो. त्यातलं कॅडमियम तापलं की त्याची वाफ होते आणि ती जाते डाग देणाऱ्याच्या छातीत. म्हणून आता ते वापरायचं नाही, असा दंडक आहे.

मग कड्या. पानाच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना. इथे नक्षीपेक्षा जास्त डोकं लागतं. कडी जरा खाली लागली की पानाचा भार वर जातो, आणि गळ्यात घातल्यावर पान पालथं पडतं. ठशातून सुरेख उठलेला मासा मग कायम पाठच दाखवतो.

[दृश्य : वितळलेली लाख, पानाचं बारीक भोक]

पानाच्या घडणीत सगळ्यात शेवटी लाख. वितळवून बारीक भोकातून आत भरायची. निवली की पातळ पत्र्याला आतून आधार मिळतो, पान सहजी चेपत नाही. थोड्या सोन्यात एवढा मोठा दागिना उभा राहतो तो या लाखेच्या जिवावर.

पण लाख आत गेली की आच बंद. थोड्याशा उष्णतेनेही ती पाघळते. त्यामुळे जुन्या साजाची कडी तुटली, तर आधी लाख काढा, डाग द्या, मग पुन्हा भरा. दुरुस्तीची मजुरी ऐकून गिऱ्हाईक चमकतं ते यासाठी. साज गरम पाण्यात धुवायचा नाही, तेही यासाठीच.

[दृश्य : ओवणी. पान, जवमणी, पान]

आता ओवायचं. दोन पानांच्या मधे जवमणी. मणी कमी पडले तर पानं एकमेकांवर चढतात, जास्त झाले तर साज विरळ दिसतो. शेजारी शेजारी कोणती पानं ठेवायची, हे घडवणाऱ्याच्या नजरेवर. रुंद कासवाशेजारी निमुळतं बेलपान आलं, तर दोन्ही खुलतात.

[दृश्य : तराजू, पावती]

शेवटी काटा. 22 कॅरेटचा 916 शिक्का आणि सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक बघायचाच. पण साज घेताना आणखी एक प्रश्न विचारायचा : हे वजन लाखेसकट की लाख वजा करून? सोन्याच्या भावाने लाख कोण विकत घेणार? उत्तर पावतीवर लिहून घ्यायचं.